घरच्या डेस्कटॉपसाठी प्रोसेसर कोणता घ्यावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलांचा अभ्यास, नेट बँकिंग, वर्ड-एक्सेल, प्रिंट आणि स्कॅन, यूट्यूब, अधूनमधून परगावच्या नातेवाइकांशी झूमवर गप्पा. ज्या घरातला कॉम्प्युटर एवढ्यासाठीच चालू होतो, त्या घरासाठी ही उत्तरं आहेत. मोठे गेम खेळणारे किंवा लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे यांचं गणित निराळं. त्यांच्यासाठीही खाली एक प्रश्न आहे, पण छोटा.

फार खोलात न जाता सांगा, कोणता घेऊ?

इंटेलचा हवा असेल तर कोअर आय३ १२१००, किंवा त्याचीच पुढची भावंडं १३१०० आणि १४१००. एएमडीचा हवा असेल तर रायझन ५ ५६००जी. मदरबोर्डसकट (सगळे भाग ज्यावर बसतात तो मुख्य बोर्ड) जो स्वस्त पडेल तो घ्या. हात थोडा सैल सोडता येत असेल आणि पीसी सात-आठ वर्षं वापरायचा असेल, तर आय५ १२४००. वर सांगितलेल्या कामांसाठी याच्याही पुढे जायचं कारण मला दिसत नाही. उरलेले पैसे एसएसडी (फाइली साठवणारी वेगवान डिस्क), रॅम (चालू कामाची मेमरी) आणि चांगल्या मॉनिटरवर घाला, फरक तिथे रोज जाणवेल.

१२१००, १३१०० आणि १४१०० यांत फरक काय? नवा घेतलेला बरा ना?

नावाला तीन पिढ्या, पण आतली मांडणी जवळपास तीच. तिन्हींत ४ कोअर (प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग) आणि ८ थ्रेड (यांबद्दल खाली सांगितलंय). कमाल वेग ४.३ गिगाहर्ट्झवरून ४.५ आणि मग ४.७ वर गेला, एवढंच. ब्राउझर उघडताना हा फरक कुणाच्या लक्षात येणार नाही. त्यामुळे इथे पिढी बघू नका, भाव बघा.

आय३ म्हणजे साधा आणि आय७ म्हणजे भारी, असंच ना?

एकाच पिढीत तुलना केली तर हो. पिढ्या वेगळ्या असतील तर हा हिशेब पार कोलमडतो, आणि सगळ्यात जास्त लोक नेमके इथेच फसतात.

‘आय७, १६ जीबी रॅम, एसएसडी, वायफाय, सगळं मिळून एवढ्या एवढ्या हजारांत’ अशा जाहिराती ऑनलाइन ढिगाने दिसतात. आय७ एवढ्या स्वस्तात कसा, हा प्रश्न पडायला हवा. बहुतेक वेळा तो आय७-२६०० किंवा आय७-३७७० असतो. पहिला २०११ सालचा, दुसरा २०१२ चा. एखाद्या ऑफिसातले जुने पीसी निकालात निघाले, त्यांतले प्रोसेसर काढून नव्या कोऱ्या, पण बिननावाच्या मदरबोर्डवर बसवले, चकचकीत कॅबिनेट आणि रंगीत दिव्यांचे पंखे लावले की झाला ‘नवा’ पीसी.

आता आय७-३७७० शेजारी आय३ १२१०० ठेवून पाहा. दोघांतही ४ कोअर, दोघांतही ८ थ्रेड. पण मधल्या दहा वर्षांत एका कोअरला एका ठोक्यात जेवढं काम उरकता येतं ते इतकं वाढलं, की आजचा आय३ त्या आय७ च्या दीडपट ते दुप्पट काम करतो. शिवाय ३७७० ला डीडीआर३ ही जुन्या प्रकारची रॅम लागते, विंडोज ११ च्या अधिकृत यादीत तो नाही, आणि यूट्यूबचे आजचे ४के व्हिडिओ उलगडण्याची सोय त्याच्या ग्राफिक्समध्ये (पडद्यावर चित्र पाठवणाऱ्या भागात) नाही, म्हणून तो भार कोअरवर पडतो आणि पंखा घोंघावायला लागतो.

जुना पीसी घेऊच नये असं नाही. आय५-८४०० किंवा आय५-९४०० चा, नावाजलेल्या कंपनीचा, ऑफिसातून निघालेला पीसी योग्य भावात मिळाला तर तो चांगला सौदा आहे. मात्र ९४०० मध्ये नंबरापुढे ‘एफ’ नाही ना, ते बघा. कारण पुढच्या उत्तरात आहे. आठव्या पिढीच्या मागे मात्र जाऊ नका.

नंबरापुढच्या अक्षरांचा अर्थ काय?

इंटेलच्या चार-पाच आकड्यांतले सुरुवातीचे आकडे पिढी सांगतात: ८४०० म्हणजे आठवी, १२४०० म्हणजे बारावी. पुढे काहीच अक्षर नसलेला प्रोसेसर घरासाठी सगळ्यात सरळ. ‘के’ असेल तर वेग हाताने वाढवता येतो, जे घरी कुणी करत नाही, आणि खोक्यात कूलरही (प्रोसेसर थंड ठेवणारा पंखा) येत नाही. ‘टी’ कमी वीज खाणारा.

‘एफ’ म्हणजे आत ग्राफिक्स नाही, आणि या एका अक्षराने बऱ्याच लोकांना रडवलंय. १२१००एफ थोडा स्वस्त मिळतो म्हणून लोक ऑनलाइन मागवतात, सगळं जोडतात, पंखे फिरतात, दिवे लागतात, पण मॉनिटर काळाच. मदरबोर्डवर एचडीएमआयचं भोक आहे, पण तिथे चित्र पाठवणारं आत कुणी नाही. मग वेगळं ग्राफिक्स कार्ड घ्यावं लागतं आणि वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट खर्च होतो. ग्राफिक्स कार्ड घेणारच असाल तरीसुद्धा मी ‘एफ’ नसलेलाच सुचवेन. उद्या कार्ड बिघडलं तर निदान पीसी चालू राहतो.

एएमडीचा प्रकार थोडा उलटा आहे. ५००० मालिकेत ‘जी’ असेल तरच आत ग्राफिक्स. रायझन ५ ५५०० किंवा ५६०० या दोघांत ते नाही, ५६००जी मध्ये आहे. ७००० मालिकेपासून बहुतेक सगळ्यांत थोडंफार ग्राफिक्स आलं, ७५००एफ सारखे ‘एफ’वाले सोडून. आणखी एक खोच म्हणजे रायझनचा मालिकेचा आकडा दरवेळी आतल्या पिढीशी जुळत नाही. ३२००जी हा नावाने ३००० मालिकेतला, पण आतून ३६०० पेक्षा एक पायरी जुना. दुकानदार ‘रायझन आहे’ एवढंच सांगत असेल तर त्याच्याकडून पूर्ण नंबर वदवून घ्या.

कोअर, थ्रेड आणि गिगाहर्ट्झ यांतलं जास्त काय हवं?

घरच्या कामाला ४ कोअर आणि ८ थ्रेड पुरेसे, ६ कोअर असतील तर ऐसपैस. थ्रेड म्हणजे एका कोअरने दोन कामं आलटून-पालटून उरकायची सोय. दहा-बारा टॅब, मागे अँटिव्हायरस, शेजारी एक्सेल असं असतं तेव्हा ती उपयोगी पडते.

गिगाहर्ट्झवरून वेगवेगळ्या पिढ्यांची तुलना करूच नका. २००५ च्या सुमारास पेंटियम ४ चा वेग ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत पोचला होता. त्या हिशेबाने आजचा ४.३ चा आय३ जेमतेम तेरा टक्क्यांनी पुढे हवा. वस्तुस्थिती काय आहे हे ज्यांनी दोन्ही वापरले त्यांना सांगायला नको.

इंटेलच्या काही आय५ मध्ये कोअरच दोन प्रकारचे असतात. १३४०० मध्ये १० कोअर, त्यांतले ६ मोठे आणि ४ छोटे. ‘दहा कोअर’ ऐकून भारावून जायचं कारण नाही.

इंटेल की एएमडी?

या किमतीत दोन्ही चालतील. अमुकच कंपनीचा घ्या असं छातीठोकपणे सांगणाऱ्याला त्याचं कारण विचारा. बहुधा दुकानात तोच माल पडून असतो.

तरी फरक आहेत. ५६००जी मध्ये ६ कोअर, १२ थ्रेड आणि १२१०० पेक्षा बरं ग्राफिक्स मिळतं, त्यामुळे मुलाला हलकेफुलके गेम खेळता येतात. १२१०० चा एकेक कोअर त्याच्यापेक्षा चपळ आहे, आणि एव्ही१ या नव्या पद्धतीने बांधलेले व्हिडिओ उलगडायची सोय त्याच्या ग्राफिक्समध्ये आहे, ती ५६००जी मध्ये नाही. यूट्यूब हळूहळू तिकडे सरकत असल्याने, मुख्यतः व्हिडिओ बघणाऱ्या घरासाठी मी इंटेलकडे झुकेन.

५६००जी ज्या एएम४ सॉकेटवर (मदरबोर्डवरची प्रोसेसरची जागा) बसतो तो २०१६ पासूनचा आहे. पुढची वाट एएम५ ची. तो २०२२ मध्ये आला, त्यावर फक्त डीडीआर५ रॅम चालते आणि रायझन ५ ८६००जी तिथलाच. छान प्रोसेसर आहे, पण संच महाग पडतो. इंटेलच्या १२, १३ आणि १४ व्या पिढीचा सॉकेट एलजीए१७०० सुद्धा संपला. नवे कोअर अल्ट्रा २०० मालिकेचे प्रोसेसर वेगळ्या सॉकेटवर बसतात. ‘पुढे अपग्रेड होणार नाही’ या भीतीने मात्र थांबू नका. घरी नुसता प्रोसेसर बदलायची वेळ क्वचितच येते. येते तेव्हा मदरबोर्डही म्हातारा झालेला असतो.

इंटेलचे १३ व्या आणि १४ व्या पिढीचे प्रोसेसर खराब होतात असं ऐकलं. खरं आहे का?

काही मॉडेलांच्या बाबतीत खरं होतं. गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागितलं गेल्याने ते काळाच्या ओघात अस्थिर होत, पीसी अचानक बंद पडत असे. हे २०२४ मध्ये गाजलं. इंटेलने त्याच वर्षी ऑगस्टपासून दुरुस्तीचे मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) दिले आणि अशा प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. त्रास मुख्यतः वरच्या, जास्त वीज खाणाऱ्या मॉडेलांचा. इंटेलच्या यादीत आय३ नाहीत. या पिढीतला मोठा प्रोसेसर घेतलाच असेल तर मदरबोर्डचं बायोस (पीसी सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम) अपडेट करून घ्या.

घरी जुना पीसी आहे. विंडोज १० बंद झालं म्हणतात. नुसता प्रोसेसर बदलला तर चालेल?

बहुधा नाही. पण लगेच नवा पीसीही घेऊ नका.

विंडोज १० ला मिळणारा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नोंदणी केली तर घरगुती वापरासाठी सुरक्षा अपडेट ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते, एएमडीत साधारण रायझन २००० पासून पुढे. इथेही खोच आहे: रायझन ३ २२००जी नावाने २००० मालिकेतला असून यादीत नाही. शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. ती पुष्कळ पीसींत असतेच, फक्त बायोसमध्ये बंद ठेवलेली असते. त्यामुळे ‘तुमचा पीसी चालणार नाही’ असा संदेश आला तर आधी प्रोसेसरचा नंबर बघा. तो यादीत असेल तर बायोसमध्ये जाऊन टीपीएम चालू करा. इंटेलच्या बोर्डावर ती पीटीटी या नावाने सापडेल, एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम या नावाने.

सहाव्या किंवा सातव्या पिढीचा पीसी असेल तर त्याच बोर्डावर आठव्या पिढीचा प्रोसेसर बसवू, असं काहीजण म्हणतात. दोन्हींच्या सॉकेटचं नाव एलजीए११५१ असल्यामुळे बसतोही तो. चालत मात्र नाही, कारण आठव्या पिढीला ३०० मालिकेचा चिपसेट (बोर्डावरची मुख्य चिप) लागतो. म्हणजे बोर्ड बदला, प्रोसेसर बदला, आणि रॅम डीडीआर३ असेल तर तीही बदला. शेवटी जुनं कॅबिनेट तेवढं उरतं.

पीसी नुसता मंद आहे, बाकी तक्रार नाही, तर प्रोसेसरवर आळ घेण्याआधी आत फिरती हार्ड डिस्क आहे का बघा. असेल तर साधी साटा एसएसडी बसवा आणि रॅम ८ जीबी करा. चौथ्या पिढीचा आय३ सुद्धा यानंतर अर्ध्या-पाऊण मिनिटात सुरू होतो. विंडोजचा हट्ट नसेल तर त्यावर लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली टाका. ब्राउझर, यूट्यूब, लिब्रेऑफिस, मराठी टायपिंग सगळं चालतं, आणि सुरक्षा अपडेटही येत राहतात. काही सरकारी पोर्टलांना डिजिटल सहीचं टोकन लागतं, तिथे मात्र विंडोज असलेलं बरं.

मदरबोर्ड आणि रॅम घेताना काय बघू?

१२१०० किंवा १२४०० साठी एच६१० चिपसेटचा बोर्ड पुरतो, जरा बरा हवा असेल तर बी७६०. ५६००जी साठी ए५२० किंवा बी५५०. एच६१० आणि बी७६० बोर्ड डीडीआर४ चेही मिळतात आणि डीडीआर५ चेही. एकाची रॅम दुसऱ्यात बसत नाही, म्हणून खोक्यावर वाचून घ्या. १४ व्या पिढीचा प्रोसेसर बारावीच्या काळातल्या बोर्डावर लावायचा तर बायोस नवं असावं लागतं. ते दुकानातच करून घ्या, घरी आणल्यावर पंचाईत होते.

आतलं ग्राफिक्स स्वतःची मेमरी बाळगत नाही, तुमच्याच रॅममधून घेतं. म्हणून १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन घ्या. दोन वाटांनी माहिती ये-जा करते आणि विशेषतः ५६००जी वर फरक डोळ्यांना दिसतो. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव बरेच चढले आहेत. बजेट आक्रसलं तर प्रोसेसर आय५ वरून आय३ वर आणा, पण रॅम ४ जीबीवर आणू नका.

विदर्भातला उन्हाळा आहे. कंपनीचा कूलर पुरेल का? वीज किती लागेल?

खोक्यातल्या कूलरवर १२१०० आणि ५६००जी अकोल्या-चंद्रपूरच्या पंचेचाळीस अंशांतही चालतात, कारण घरचं काम हलकं असतं. प्रोसेसर फार तापला तर आपला वेग स्वतःच कमी करतो, जळत नाही. खरा शत्रू लाकडी कॉम्प्युटर टेबलचा तो बंद कप्पा. कॅबिनेट बसवायला छान खण केलेला असतो, मागे भिंत, पुढे काचेचं दार, आणि आत पंखा तीच गरम हवा पुन्हा पुन्हा ओढत राहतो. दार काढून टाका, किंवा कॅबिनेट बाहेर ठेवा. जमिनीवर नको, केर आत जातो. वर्षातून दोनदा धूळ झटका. तीन-चार वर्षांनी थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधला लेप) बदला. ५६००जी चा कूलर काढताना आधी पीसी थोडा वेळ चालवून गरम करा आणि कूलर हलके गोल फिरवत काढा. एएम४ च्या प्रोसेसरला खालून पिना असतात, सरळ ओढला तर प्रोसेसर कूलरला चिकटून बाहेर येतो आणि पिना वाकतात.

विजेचं म्हणाल तर, १२१०० वर लिहिलेले ६० वॅट हा भरपूर काम चालू असतानाचा आकडा आहे, थोड्या वेळापुरता तो ८९ पर्यंतही जातो. टायपिंग करताना त्याच्या जवळपासही जात नाही. मॉनिटर धरून सगळा संच साधारण ७० वॅट घेतो असं मानलं, तर रोज सहा तासांनी महिन्याला १२-१३ युनिट होतात. लोडशेडिंगच्या गावात ६०० व्हीएचा यूपीएस काम सेव्ह करून पीसी बंद करायला पुरतो. एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) मात्र कॅबिनेटसोबत फुकट येणारा घेऊ नका, वेगळा, नावाजलेल्या कंपनीचा घ्या. प्रोसेसर मरायचं प्रमाण फार कमी, एसएमपीएस मरताना मात्र दुसऱ्यालाही घेऊन जाऊ शकतो.

हातात मावणारे मिनी पीसी मिळतात, एन१०० वाले. ते कसे?

आई-बाबांसाठी उत्तम. २०२३ मध्ये आलेला इंटेलचा एन१०० हा ४ छोट्या कोअरचा, ६ वॅटचा प्रोसेसर. बातम्या, भजनं, व्हिडिओ कॉल, बँक एवढं सुखाने करतो, वीज नगण्य, आवाज जवळपास नाही, मॉनिटरच्या मागे चिकटतो. पण प्रोसेसर बोर्डाला कायमचा जोडलेला, पुढे बदलता येत नाही, आणि वीस टॅब उघडणाऱ्या कॉलेजच्या मुलाला तो दोन दिवसांत मंद वाटेल. विंडोजचं लायसन्स खरं आहे का, हेही विचारा.

मुलगी इंजिनीअरिंगला आहे. मुलाला गेम हवेत. मला व्हिडिओ एडिट करायचेत.

पहिल्या वर्षीच्या प्रोग्रॅमिंगला आय३ चालतो. अँड्रॉइड स्टुडिओ किंवा मोठी कॅड फाइल आली की आय५ १२४०० आणि १६ जीबी रॅम हवी. गेमसाठी पैसा ग्राफिक्स कार्डात घाला, प्रोसेसर १२४०० किंवा रायझन ५ ५६०० ठेवा. मोबाइलवरचे घरगुती व्हिडिओ कापायला-जोडायला १२४०० बास. रोजी-रोटी एडिटिंगवर असेल तर हे पान तुमच्यासाठी नाही.

टॅली आणि डीटीपीला?

टॅली आय३ वर पळतं. मराठी डीटीपीलाही तेच पुरतं, फक्त कोरलड्रॉमध्ये जड फाइली असतील तर रॅम १६ जीबी.

एआयसाठी वेगळा प्रोसेसर हवा का?

नको. घरी वापरली जाणारी एआयची बहुतेक साधनं ब्राउझरमधून चालतात, काम कंपनीच्या सर्व्हरवर होतं. खोक्यावर एनपीयू (एआयच्या कामासाठीचा खास भाग) लिहिलंय म्हणून जास्त पैसे मोजू नका.

ऑनलाइन घ्यावा की दुकानातून? आणि ‘ट्रे’चा प्रोसेसर म्हणजे काय?

मुंबईत राहणाऱ्यांनी एकदा ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवर चक्कर मारावी. चार दुकानांत एकाच संचाचं कोटेशन लिहून घेतलं की खरा भाव कळतो, घासाघीसही होते. बाकीच्यांनी ऑनलाइन भाव बघून गावातल्या दुकानदाराला विचारावं. दोन-चारशे रुपये जास्त गेले तरी उद्या पीसी उचलून नेता येईल असा माणूस गावात असणं बरं.

इंटेल आणि एएमडीच्या बंद खोक्यातल्या प्रोसेसरला तीन वर्षांची कंपनीची वॉरंटी असते आणि बहुतेकांबरोबर कूलरही. ट्रेचा माल मोठ्या कंपन्यांसाठी सुटा पुरवलेला असतो. त्यात खोकं नाही, कूलर नाही, आणि वॉरंटी विकणाऱ्याच्या शब्दावर. थोडक्या फरकासाठी घेऊ नका. जीएसटीचं पक्कं बिल आणि त्यावर सिरियल नंबर हवाच. ‘बिल नको असेल तर अठरा टक्के कमी’ हे ऐकायला गोड लागतं, वॉरंटीच्या वेळी कडू होतं.

असेंबल्ड पीसी घरी आला. सांगितलेलाच प्रोसेसर आहे हे कसं तपासू?

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर टिचकी मारलीत की उजवीकडे वर पूर्ण नाव, खाली कोअर आणि थ्रेड (तिथे ‘लॉजिकल प्रोसेसर्स’ असं लिहिलेलं असतं) दिसतील. नाव बिलाशी जुळवा, नंबरापुढचं अक्षरसुद्धा. तिथेच मेमरीवर गेलात की किती खाचांत पट्ट्या आहेत ते कळतं, दोन मागितल्या असतील तर दोन दिसायला हव्यात. हे दुकानातच, पैसे देण्यापूर्वी करा. प्रोसेसर आणि मदरबोर्डची रिकामी खोकीही मागून घ्या. पुष्कळ दुकानदार ती स्वतःहून देत नाहीत, आणि वॉरंटीसाठी लागणारा सिरियल नंबर त्यांच्यावरच असतो.